गेटवरच्या यादीचं नाव

शैलाताई,

सोमवारी अहमदाबादची माणसं सुरतेला येणार आहेत, आपल्या मिलचा प्रोग्रॅम ताब्यात घ्यायला. दोन हजार साल जवळ आलं म्हणून शेठ घाबरलेत, त्यांना सगळंच नवीन करून हवंय. रजनीभाईंनी मला सांगितलं, सगळ्या फाइलींचे प्रिंट काढून ठेव, कशात काय आहे ते त्यांना नीट समजावून दे. दोन दिवस तेच करतोय. कॉम्प्युटर-रूममध्ये एकटाच बसतो, प्रिंटर किरकिरत असतो, आणि मी लांबच लांब कागद फाडून गठ्ठे लावतो. हजेरीचा एक, रंगखात्याचा एक, फोल्डिंगचा एक. आज दुपारी गेटच्या यादीचा गठ्ठा काढला आणि पहिल्याच पानावर तुमची ती ओळ दिसली.

तुम्हीच मला शिकवलं होतं, ज्या ओळीच्या आधी चांदणीची खूण असते ती कॉम्प्युटर वाचत नाही, ती माणसांसाठी असते. तिथे तुम्ही इंग्रजी अक्षरांत पण गुजरातीत लिहून ठेवलंय, कारण मॅनेजर असलेल्या रजनीभाईंना ते वाचता यायला हवं होतं. 'आ फाइलनुं नाम पहेलां अदर हतुं. खोटुं नाम हतुं. भूल मारी. शैला.' या फाइलचं नाव आधी 'अदर' होतं, ते चुकीचं होतं, चूक माझी.

परवा तुमचं तेरावं झालं. गोडाच्या जेवणाला तुमच्या यजमानांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "घरी रोज तुझंच नाव असायचं. सुभाषनं हे केलं, सुभाषनं ते केलं." मी अर्धं ताट तसंच सोडून उठलो.

कारण ते नाव तुम्ही दिलंच नव्हतं. मी दिलं होतं. ही गोष्ट आपल्या दोघांनाच माहीत होती, आता एकट्या मला आहे. सोमवारी ती माणसं हा कागद वाचणार, एकमेकांना दाखवून हसणार, म्हणणार कोण बुवा ही शैला, असलं नाव ठेवणारी. ती ओळ तशीच राहू द्यायची की नाही, हे मला सोमवारच्या आत ठरवायचंय. म्हणून तुमच्याशी बोलायला बसलोय. तुम्ही मध्ये टोकणार नाही याची सवय नाही मला, पण बघतो.

आपली सुरुवातच भांडणाने झाली. मी लिंबायतच्या क्लासमधून नुकता बाहेर पडलेला, आमच्या गल्लीतला कॉम्प्युटरवर काम करणारा पहिला माणूस, त्यामुळे हवेत. तुम्ही माझा पहिला प्रोग्रॅम उघडलात. त्यात 'ए', 'बी', 'एक्स वन', 'एक्स टू' अशी नावं. वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि मग म्हणालात, "काहून रे सुभाष, यांचं बारसं कोणी केलंच नाही का?" मी म्हटलं, कॉम्प्युटरला काय फरक पडतो, त्याला सगळं सारखंच. तुम्ही म्हणालात, "कॉम्प्युटरला नाही पडत. सहा महिन्यांनी तुला पडते." सहा महिने कशाला, पंधराव्या दिवशी माझाच प्रोग्रॅम मला कळेना. तुमच्यासमोर कबूल मात्र केलं नाही. फाइल घरी नेल्यासारखं दाखवून गुपचूप सगळी नावं बदलली. तुमच्या लक्षात आलं असणार. तुमच्या लक्षात काय येत नसे म्हणा.

गेटच्या यादीचं मूळ नाव 'ब्लॅक'. आपल्या आधी जो कोणी हा प्रोग्रॅम लिहून आखातात निघून गेला, त्याने ठेवलेलं. ज्याला आत सोडायचं नाही त्याचा नंबर 'ब्लॅक'मध्ये. रोज सकाळी त्याचा कागद निघायचा, वर ठळक अक्षरांत 'ब्लॅक', आणि तो गेटवर वॉचमन मगनकाकांच्या हातात जायचा. कापड चोरताना सापडलेला त्यात, गावी जाऊन पंधरा दिवस जास्त राहिलेला त्यात, डॉक्टरचा दाखला आणायचा राहिलेला त्यात, आणि ज्याचं हजेरीचं टोकन हरवलं तोही त्यातच. मिलमध्ये सगळे तिला 'काळी' म्हणायचे. अमक्याचं नाव काळीत आलं म्हटलं की का आलं, हे कुणी विचारत नसे.

मीही नव्हतं विचारलं. तुम्ही विचारलंत, तेही भिका सोनवण्यामुळे. फोल्डिंगमधला भिका, पारोळ्याकडचा, नवागामला खोली करून राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या सकाळी तुम्ही मोपेड लावून येत होतात, तर हा गेटबाहेरच्या कट्ट्यावर डबा मांडीवर घेऊन बसलेला. तुम्ही विचारलंत तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी चोर नही शे. मन्हं टोकन हरपनं, बस." आणि मग रडायलाच लागला. तुम्हांला अहिराणी अर्धीच कळायची, म्हणून तुम्ही मला वरून खाली बोलावून घेतलंत. मला आधी तर रागच आला. कॉम्प्युटरवाल्याचं गेटवर काय काम?

त्याचं रडणं टोकनासाठी नव्हतं. आपल्याकडे माणूस अर्ज करून कामाला लागत नाही, हे तुम्हांला अमरावतीहून आल्यावर नवीन होतं. गावातला एक जण आधी लागतो. मग त्याच्या शब्दावर दुसरा, दुसऱ्याच्या शब्दावर तिसरा. माझे वडील असेच आले. भिकाच्या शब्दावर सात जण आत होते, आणि आठवा, त्याचा मेव्हणा, वळकटी घेऊन आदल्या दिवशीच उतरलेला. मुकादमाने त्याला दारातून परत पाठवला. ज्याचं नाव काळीत, त्याचा शब्द चालत नाही म्हणाला. "मन्हा शालाले परत धाडी दिनं," भिका सांगत होता. "गावमा आते काय तोंड दाखाडू?" नवीन टोकन त्याला दोन दिवसांत मिळालंही होतं. पण यादीतून नाव काढायचं कोणी, हे कुठेच ठरलेलं नव्हतं, म्हणून ते राहून गेलं होतं.

वर आल्यावर तुम्ही ती फाइल उघडलीत आणि मला विचारलंत, "या यादीत नाव असलं म्हणजे काय?"

"म्हणजे ब्लॅक," मी म्हटलं. "सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की माणूस वाईट आहे."

"भिका वाईट आहे?"

मी स्क्रीनकडे वळलो. तुम्ही म्हणालात, "माणूस दारात बसून रडून राहिला, अन् तू म्हणते सगळ्यांना माहीत आहे. या नावात काय करायचं ते सांगितलं नाही, किती दिवस करायचं ते नाही, कोणी सोडवायचं ते नाही. फक्त माणूस कसा आहे ते सांगितलं, अन् तेही खोटं." मी हट्टाने म्हटलं, नाव बदलून काय होणार, लोक काळीच म्हणत राहणार. तेव्हा तुम्ही जरा चिडलात. तुमचं चिडणं म्हणजे आवाज उलट खाली जायचा. म्हणालात, "लोक काय म्हणतील ते लोकांवर. आपण काय छापतो ते आपल्यावर."

भिकाचं नाव त्याच दिवशी काढलं. मेव्हणा मात्र तोवर गावी परतला होता. मला फार लागलं ते. मी लिंबायतचा, माझ्या बापाची भाषा बोलणारा माणूस कट्ट्यावर बसला होता, आणि तो कागद रोज मीच छापत होतो. तुम्हांला बोललो नाही. माझा एक वाईट स्वभाव आहे, लाज वाटली की मला घाई होते.

दिवाळीच्या आधी तुमचं पोटाचं दुखणं वाढलं आणि तुम्ही तीन आठवड्यांची रजा घेतलीत. जाताना बजावलंत, "ब्लॅकचं नाव बदलू, पण मी आल्यावर. नवं नाव जुन्याहून वाईट निघालं तर दोन वेळा निस्तरावं लागते." मी मान हलवली. तुमची पाठ फिरल्यावर चारच दिवसांत बसलो आणि बदलून टाकलं. म्हटलं, ताई परत येतील तेव्हा तयार पाहून खूश होतील.

नाव शोधायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कुणाला लागणार नाही, कुणाला बोचणार नाही, असा शब्द हवा होता. 'अदर'. बाकीचे. इतर. किती सभ्य नाव, आणि कुणाला डाग नाही. चाळीसेक ठिकाणी 'ब्लॅक' होतं, एकेक जागा तपासून बदललं. टाइम-ऑफिसच्या स्क्रीनवर माणसाचा प्रकार विचारतो तिथेही बदललं. आधी होतं, एक परमनंट, दोन बदली, तीन ब्लॅक. आता झालं तीन अदर; तीन टाकलं की तो माणूस आपोआप गेटच्या यादीत. एकही चूक न दाखवता प्रोग्रॅम चालला, आणि मी स्वतःवरच खूश होऊन खाली जाऊन चहा पिऊन आलो.

पुढचं तुम्हांला माहीत आहे, पण मला ते एकदा सरळ सांगून टाकायचंय. बॉयलरवरचे म्हातारे दिवाळीआधी रिटायर झाले. त्यांच्या जागी ठेकेदाराची दोन माणसं आली, कँटीनचा नवा महाराज, म्हणजे स्वयंपाकी, आला, झाडलोटीची माणसं आली, मिळून अठरा जण. टाइम-ऑफिसच्या कारकुनाने स्क्रीन पाहिली. परमनंट नाहीत, बदली नाहीत, मग कोण? अदर. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मिल उघडली लाभपाचमेला, तोच या अठरा जणांचा पहिला दिवस. सुरतेत लाभपाचमचा मुहूर्त चुकवून कुणी कुलूप काढत नाही. शेठ सहकुटुंब आलेले, बॉयलरला हार घातलेला, कुंकवाची वाटी शेठाणीच्या हातात, भटजींचं घड्याळाकडे लक्ष. आणि बॉयलर पेटवणारे दोघे गेटबाहेर. मगनकाकांच्या हातात माझा कागद, त्यात अठरा नावं. "लिस्टमां नाम छे, अंदर नहीं जवाय," एवढंच त्यांचं पालुपद. यादीत नाव आहे, आत जाता येणार नाही. तो माणूस वीस वर्षं कागदाप्रमाणे वागत आला होता, त्याचं काय चुकलं? महाराज बाहेर, त्यामुळे प्रसादाचा शिराही नाही. रजनीभाई धावत गेटवर जाऊन त्यांना सोडवून आणेपर्यंत मुहूर्त टळला. शेठ सरळ गाडीत जाऊन बसले.

तुम्ही त्याच सकाळी रजेवरून हजर झाला होतात. चेहरा उतरलेला, खुर्चीवर टेकायला हात लागत होता. रजनीभाई कॉम्प्युटर-रूममध्ये आले आणि दारातूनच म्हणाले, "आ अदर कोणे कर्युं?" हे कोणी केलं. तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत, जेमतेम क्षणभर. आणि म्हणालात, "नाम में आप्युं हतुं, रजनीभाई. भूल मारी छे." नाव मी दिलं होतं, चूक माझी.

मी प्रिंटरकडे पाहत होतो. त्यात कागद नव्हता, काही चाललं नव्हतं, तरी मी प्रिंटरकडेच पाहत राहिलो. 'नाही, मी केलं' हे तीनच शब्द होते. घरी वडिलांची दृष्टी गेलेली, लूमवर जाणं बंद झालेलं, हे सगळं मी नंतर स्वतःला कारण म्हणून सांगितलं. त्या क्षणी तसलं काही मनात नव्हतं. त्या क्षणी मी फक्त भ्यालो होतो.

आणि एक गोष्ट मला माहीत होती. सुरतेबाहेर सचिन गावाला शेठ नवं युनिट काढत होते, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं काम तुमच्या हाती द्यायचं रजनीभाईंनी जवळजवळ ठरवलं होतं. त्यांनीच मला दसऱ्याच्या वेळी बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही तुमच्या हाताखाली चार जण असतील, अशी रचनाही वहीत मांडून ठेवली होती. लाभपाचमेनंतर ते काम अहमदाबादच्या कंपनीकडे गेलं. तीच कंपनी आता इथेही येतेय. तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाही.

रजनीभाई गेल्यावर तुम्ही मला ओरडाल म्हणून मी वाट पाहत होतो. तुम्ही पाणी प्यायलात, पर्समधून गोळी काढून घेतलीत आणि म्हणालात, "चल, आता बरोबर नाव शोधू." एवढंच. ताई, तुम्ही ओरडला असता तर मी त्याच दुपारी रजनीभाईंकडे गेलो असतो, असं मला वाटतं. खरं खोटं देव जाणे. पण तुमच्यावर रागही आहे माझा. कोणी सांगितलं होतं तुम्हांला मध्ये पडायला? मला लहान करून ठेवलंत. वर्ष झालं, मी तुमच्यासमोर मान वर करून भांडू शकलो नाही, आणि भांडण हाच तर आपला संवाद होता.

ते तीन दिवस मात्र माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले दिवस. तुम्ही जुन्या प्रिंटच्या पाठकोऱ्या बाजूला नावं लिहीत गेलात आणि एकेक खोडत गेलात. 'बॅन' नको, त्यात कायमचा वास येतो. 'सस्पेंड' नको, म्हणजे गुन्हा धरूनच चाललो. 'होल्ड' मला आवडलं होतं, पण फोल्डिंगमध्ये तपासणीला थांबवलेल्या कापडाच्या ताग्यांना आधीच 'होल्ड' म्हणतात. मगनकाका माणसाऐवजी कापड अडवायचे. 'अदर'विषयी तुम्ही हळूच म्हणालात, "तुझं नाव गोड होतं रे. पण गोड शब्द ऐकून माणसाला काय करायचं ते समजलं नाही, तर तो शब्द कामाचा नाही." कुणाला न दुखवणं आणि काहीच न सांगणं यात फरक असतो, हे मला तेव्हा समजलं. त्याआधी मी दोन्ही एकच समजत होतो.

मग तुमची ती गेटवारी. प्रत्येक नाव चिठ्ठीवर लिहून तुम्ही खाली मगनकाकांकडे जायचात आणि विचारायचात, हे वाचून तुम्ही काय कराल? त्यांनी उलट 'म्हणजे काय करू?' विचारलं की नाव बाद. तुमच्याच्याने जिना चढवत नव्हता, तरी चार वेळा गेलात. मी म्हटलं, मी जातो. तर म्हणालात, "तू गेला की तू त्यांना समजावून सांगशील. मला समजावलेलं नको आहे." शेवटी 'गेटस्टॉप'वर गाडी थांबली. इंग्रजी आठ अक्षरं, फाइलच्या नावाला तेवढीच जागा. कुठे थांबवायचं आणि काय करायचं, दोन्ही त्यात. माणूस कसा आहे, याबद्दल एक अक्षर नाही. मगनकाकांनी वाचलं आणि म्हणाले, "गेट पर रोकवानो. पण केम? ने क्यां सुधी?" का, आणि कधीपर्यंत? तुम्ही टाळीच वाजवलीत. ते दोन प्रश्न तुम्ही तसेच उचलून दोन रकाने केलेत. कारण, आणि कधीपर्यंत. तिसरा आपण भिकासाठी घातला, कोण सोडणार. टोकन हरवलं असेल तर 'टोकन हरवलं' असंच लिहायचं. चोरीचा संशय असेल तर चोर नाही लिहायचं, 'चौकशी चालू' लिहायचं, कारण तेवढंच आपल्याला माहीत असतं.

आणि नाव बदलून तुम्ही थांबला नाहीत. खात्याखात्यात जाऊन सांगितलंत की काळी गेली, आता गेटस्टॉप आहे, आणि त्यात नाव आलं तर कुणाकडे जायचं. लोक दोन महिने काळीच म्हणत होते, मी तुम्हांला चिडवायचो की पाहा, मी म्हणत होतो ना. मग एक दिवस मुकादम वर आला आणि म्हणाला, अमक्याचं नाव गेटस्टॉपला आहे, कारणात टोकन लिहिलंय, नवीन टोकन दिलं, आता काढा. त्याच्या तोंडून ते ऐकताना तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जिंकल्यावर न बघणं हे तुमचं खास.

एक भांडण आपलं राहिलं. 'हेल्पर'. एकोणीस वर्षं त्याच मशीनवर उभा असलेला माणूस आपल्या स्क्रीनवर हेल्पर आहे. तुम्ही म्हणायचात, तो कोणाची मदत करून राहिला, सगळं काम तर तोच करतो. मी म्हणायचो, पद आपण ठरवत नाही, मिल ठरवते. स्क्रीनवर कारागीर लिहिलं आणि कागदावर हेल्परच राहिला तर ते आणखी खोटं. तुम्हांला उत्तर सापडलं नव्हतं आणि मला माझं उत्तर आवडलं नव्हतं. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा मी खरं तर दुसरंच सांगायला आलो होतो. सुरुवातही केली. म्हटलं, "ताई, त्या लाभपाचमचं..." तुम्ही म्हणालात, "हेल्परचं काही सुचलं का?" आणि मी सुटलो. तासभर हेल्परवर वाद घातला. सिस्टर येऊन रागावली. तुम्हांला ऐकायचं नव्हतं की मला वाचवायचं होतं, ते मला कळलं नाही. मीच विचारायला हवं होतं. चार दिवसांनी अश्विनीकुमारच्या स्मशानात तुम्हांला पोहोचवून आलो.

इथवर काल लिहून झालं, पुढचं आज लिहितोय. काल ती ओळ दिसल्यावर पहिल्यांदा मनात आलं, पुसून टाकावी. कुणाला पत्ता लागणार नाही, तुमचंही नाव जाईल, माझंही येणार नाही, सगळं गोड. बोट त्या बटणावर ठेवलं होतं. पण ती तुम्ही लिहिलेली ओळ. तुमच्या हातचं या मिलमध्ये दुसरं काय राहिलंय?

मग तिच्याखाली लिहिलं, 'नाव देताना चूक झाली होती.' वाचून पाहिलं. चूक झाली होती, जशी काही आपोआप झाली, पाऊस पडावा तशी. कोणाकडून? कधी? हे वाचून कुणाला काय कळणार? खोडलं. मग सरळ लिहिलं, नाव सुभाषने दिलं, शैलाताई तेव्हा रजेवर होत्या. बरं वाटलं. उठून पाणी प्यायला गेलो, आणि माठापाशी उभा असताना ध्यानात आलं की मी मराठीत लिहिलंय. अहमदाबादच्या माणसांना कळणार नाही, रजनीभाईंना धड कळणार नाही. मी कबुली दिली होती ती कुणी वाचू नये अशा बेताने. माझं मलाच हसू आलं, आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसलो.

शेवटी तुमची ओळ जशी होती तशी ठेवली आणि तिच्याखाली, तुम्ही लिहिली त्याच भाषेत, चांदणीची खूण देऊन लिहिलं: 'उपरनी लाइन साची नथी. अदर नाम में पाड्युं हतुं. शैलाबेन रजा पर हतां. पूछ्युं त्यारे हुं चूप रह्यो. सुभाष.' वरची ओळ खरी नाही. ते नाव मी ठेवलं. शैलाबेन रजेवर होत्या. विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. तुम्ही खोटं बोललात, हे लिहायला हात चालत नव्हता. पण तेच खरं होतं.

पान नवीन छापलं आणि सोमवारची वाट न बघता आज सकाळी रजनीभाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला बसायला सांगितलं नाही. मग म्हणाले, "सचिननुं काम एमने ज आपवानुं हतुं." ते काम त्यांनाच द्यायचं होतं. आणि विचारलं, "तने ए वखते खबर हती?"

तुला तेव्हा माहीत होतं का, एवढंच. नीट आठवत नाही म्हणता आलं असतं. तसं काहीतरी कानावर आलं होतं, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही जिभेवर आलं होतं.

"हा, खबर हती," मी म्हटलं.

त्यांनी कागद परत दिला नाही, खणात ठेवला. मी वर येऊन बसलोय. सोमवारनंतर मला ठेवतात की काढतात, माहीत नाही. पण ताई, त्या पानावर आता तुमचं नाव स्वच्छ आहे, आणि माझं नाव बरोबर जागी आहे.